सेल्फ मारला की अख्खी गाडीच मरते, आणि बॅटरी तर नवी आहे!

चौथी_सीट | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गणपतीला बारा दिवस राहिलेत, कणकवलीला गाडीने जायचं ठरलंय आणि गाडीने ऐन वेळी मान टाकलीय.

गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, हाताने गिअर बदलायची. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये (बोरिवली पश्चिम) उभी असते. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे नीट लागतात, मागे पेट्रोल पंपाचा झूंऽऽ आवाज येतो. सेल्फ मारला की एकदाच ‘टक्’, आणि सगळं गुल. दिवे नाहीत, हॉर्न नाही, घड्याळ नाही. रिमोटने दारसुद्धा लॉक होत नाही. पाच-दहा मिनिटं हताश होऊन बसलं की कधी कधी आपोआप सगळं परत येतं. घड्याळ मात्र बारावर गेलेलं असतं.

आत्तापर्यंतचे उपाय असे. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने जंपर (दुसऱ्या बॅटरीवरून वीज घ्यायची केबल) लावून चालू करून दिली, म्हणाला बॅटरी उतरलीय. बॅटरी तीनच महिन्यांपूर्वी घेतलेली, तरी रात्रभर चार्जिंगला ठेवली. चार दिवस उत्तम चालली, पाचव्या दिवशी परत तेच. आता तो म्हणतो सेल्फ खोलून कार्बन बदलू. ऑफिसातल्या एकाचा मल्टिमीटर आणून पाहिलं, बॅटरी १२.५८ व्होल्ट दाखवते. म्हणजे बॅटरी चांगली ना? मग सेल्फ उघडू देऊ का?

---

साबुदाणा_वडा | सोमवार, रात्री १०.५२

गाडी घरी ठेवा, कोकणकन्येचं तिकीट काढा. (हो, वेटिंग कितीपर्यंत गेलंय ते मलाही माहितीय.)

---

माहेर_देवगड | सोमवार, रात्री ११.१५

आमच्याकडे गेल्या वर्षी उंदराने वायर कुरतडली होती. ती बॉनेट उघडल्या उघडल्या दिसली, कारण त्याने तिथे अर्धा पावही आणून ठेवला होता. एकदा टॉर्च मारून बघून घ्या.

त्याच्याही आधी एकदा बॅटरी उतरायचा त्रास झाला होता, पण तेव्हा आवाज वेगळा होता. दिवे मंद व्हायचे आणि सेल्फ मारला की टकटकटकटक असं चालू राहायचं. तुमचं एकच ‘टक्’ आणि मग मिट्ट काळोख. हे मला वेगळं वाटतंय. जाणकार सांगतीलच.

---

पाना_पकड | मंगळवार, सकाळी ६.२०

मी बेस्टच्या वर्कशॉपमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन होतो, आता निवृत्त आहे. बसचं २४ व्होल्टचं, तुमचं १२चं, पण रोग तेच असतात.

सेल्फला हात लावू देऊ नका. सेल्फ खराब असता तर सेल्फ फिरला नसता, बाकी गाडी जिवंत राहिली असती. इथे घड्याळापासून लॉकपर्यंत सगळं एकदम जातंय. म्हणजे सगळ्यांना जिथून करंट मिळतो त्या मूळ रस्त्यातच तुटतंय. बॅटरीचे दोन खुंट, त्यावरची दोन टर्मिनलं, पॉझिटिव्हवरचा मोठा फ्यूज आणि निगेटिव्हची बॉडी-इंजिनला जाणारी अर्थ केबल (करंट बॅटरीला परत यायचा रस्ता). एवढ्याच जागा.

ताईंनी आवाजाचं बरोबर पकडलंय. बॅटरीत जीव नसला की सॉलेनॉइड (सेल्फचा करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढतो, व्होल्टेज पडतं, तो सोडतो, व्होल्टेज परत चढतं, तो परत ओढतो. म्हणून टकटकटक. जोड सुटला असेल तर एकदाच टक्, आणि पुढे ओढायला काही उरतच नाही.

आता तुमच्या उपायांकडे बघा. जंपर लावला, चालू झाली. पण जंपरचा चिमटा कशावर लावला? टर्मिनलवर. ते दाबलं गेलं, हललं. चार्जिंगला ठेवली तेव्हा टर्मिनल काढून परत बसवलं. दोन्ही वेळा जोड हलला आणि नाव बॅटरीचं झालं. अशा रोगात टर्मिनलला धक्का लागेल असा कुठलाही उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. चार दिवसांचं औषध!

खुंट म्हणजे बॅटरीतून वर आलेलं शिसं आणि टर्मिनल म्हणजे वायरीच्या टोकाला असलेला कडा, हे दोन शब्द वेगळे धरा, नाहीतर पुढे गोंधळ होईल. पुढच्या वेळी गाडी मेली की कशालाही हात लावू नका. बॉनेट हळू उघडा. हेडलाइटचं बटण चालू ठेवा, लागत नसले तरी. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून या जोड्या मोजा: खुंट ते खुंट, टर्मिनल ते टर्मिनल, पॉझिटिव्ह खुंट ते पॉझिटिव्ह टर्मिनल, निगेटिव्ह खुंट ते निगेटिव्ह टर्मिनल. काडी खुंटाच्या मधोमध टेकवायची, कड्याला लागता कामा नये. आकडे इथे टाका.

---

चौथी_सीट | मंगळवार, सकाळी ८.०५

काका, खूप आभार. पण १२.५८ आहे म्हणजे करंट येतोय ना? आणि खुंट आणि त्यावरच बसलेलं टर्मिनल यांच्यात काय मोजायचं, ते तर एकमेकांना चिकटलेलेच आहेत.

---

ओहमचा_नियम | मंगळवार, सकाळी ९.३०

लोकलमध्ये उभा राहून टाइप करतोय, चुका पोटात घाला.

मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे केसाएवढा जोड उरला असला तरी मीटरला पूर्ण १२.५८ दिसतात. मोकळ्या बॅटरीच्या आकड्यावरून ती किती भरलीय याचा अंदाज येतो, तोही गाडी काही तास उभी असेल तर. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ला आली की रिकामीच समजा. जोड कसा आहे हे त्यातून कळत नाही.

छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ १०० ते २०० अँपिअर ओढतो. समजा जोडात ०.०२ ओहम रोध आलाय. हा इतका कमी की साध्या मीटरच्या ओहम रेंजला दिसणारही नाही. डॅशचे दिवे २ अँपिअर घेतात, म्हणजे त्या जोडावर ०.०४ व्होल्ट पडले, कुणाला कळलं? १५० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट खल्लास. आणि जोड मुळात एका कडेवर टेकलेला असेल तर एवढ्या करंटने ती कड जळते आणि जोड उघडतो. मग दोन अँपिअरलाही रस्ता उरत नाही. थंड झाल्यावर किंवा दार आपटल्यावर परत कुठेतरी टेकतं.

म्हणूनच काका हेडलाइट चालू ठेवायला सांगतायत. लोड असल्याशिवाय व्होल्टेज कुठे हरवलं ते सापडत नाही. आणि ‘चिकटलेल्या’ दोन गोष्टींमध्ये मीटरने व्होल्ट दाखवले तर त्या चिकटलेल्या नाहीत!

---

पाना_पकड | मंगळवार, सकाळी ९.४१

तेच मी ३१ वर्षं पोरांना सांगत होतो, यांनी दादर ते परळ यायच्या आत सांगितलं.

---

नवी_चालक | मंगळवार, दुपारी १.१०

धागा वाचतेय, लायसन्स याच वर्षी काढलंय. एक बाळबोध प्रश्न. अशा वेळी ढकलून चालू नाही का करता येत? बाबा करायचे.

---

फियाटवाले_काका | मंगळवार, दुपारी २.३०

बाबांची गाडी जुनी असणार. माझ्या मोठ्या भावाची काळी-पिवळी पद्मिनी होती. रात्री गाडी उतारावर लावायची हा आमच्याकडे नियमच. सकाळी दुसरा गिअर, क्लच सोडला की भुर्र. कार्ब्युरेटर आणि यांत्रिक पेट्रोल पंप, वीज लागायची ती फक्त ठिणगीपुरती. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली, त्या दिवशी भाऊ जेवला नाही नीट.

आताच्या गाडीत पेट्रोल पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर आणि वर तो कॉम्प्युटर. बॅटरी नुसती अशक्त असेल तर हाताच्या गिअरची गाडी ढकलून चालू होऊ शकते. इथे तर वीजच पोचत नाही, ढकलत दहिसरला नेली तरी चालू व्हायची नाही. ऑटोमॅटिक तर ढकलण्याचा विचारच नको.

---

चौथी_सीट | बुधवार, सकाळी ७.५५

मेली! आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा आनंद झाला. बायको वरून गॅलरीतून विचारतेय की हसतोस काय.

हेडलाइटचं बटण चालू ठेवून:
खुंट ते खुंट १२.६१
टर्मिनल ते टर्मिनल ०.८
पॉझिटिव्ह खुंट ते टर्मिनल ०.०१
निगेटिव्ह खुंट ते टर्मिनल ११.८

अजून हात लावलेला नाही.

---

ओहमचा_नियम | बुधवार, सकाळी ८.०२

०.८ + ०.०१ + ११.८ = १२.६१. पै न पैचा हिशोब लागला. सगळं निगेटिव्हच्या कड्यात अडकलंय.

---

पाना_पकड | बुधवार, सकाळी ८.१०

आता काढा. आधी चावी बंद, सगळी बटणं बंद. १० नंबरचा पाना. निगेटिव्ह आधी सोडायचं, बसवताना निगेटिव्ह शेवटी. कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असलं तर पाना वेल्डिंग होतो. बोटातली अंगठी, हातातलं कडं काढून ठेवा, मी एकाचं बोट भाजलेलं पाहिलंय. कड्याच्या आत काय दिसतं त्याचा फोटो टाका.

---

चौथी_सीट | बुधवार, सकाळी ८.४५

फोटो चढत नाहीये, शब्दांत सांगतो. कडा आणि खुंटाच्या मध्ये पत्र्याची पट्टी आहे! कोल्ड्रिंकच्या डब्याची कापून घातलेली. अर्ध्या अक्षराचा लाल रंग अजून तिच्यावर आहे. एका बाजूने काळी पडलीय, टोचल्यासारखी भोकं आहेत. पट्टी काढल्यावर कडा खुंटावर भांड्यात चमचा फिरावा तसा फिरतो. बोल्ट शेवटपर्यंत आवळलेला आहे तरी.

---

पाना_पकड | बुधवार, सकाळी ९.००

आलं लक्षात. बॅटरीचे खुंट दोन जातींचे येतात, जाड आणि बारीक. तुमच्या गाडीच्या वायरींना जाड खुंटाचे कडे आहेत, दुकानदाराने बारीक खुंटाची बॅटरी दिली. पॉझिटिव्ह खुंट निगेटिव्हपेक्षा मुळातच थोडा जाड असतो, म्हणून तो कडा आवळून कसाबसा बसला. निगेटिव्ह बसेना तेव्हा पट्टी. शिशावर ॲल्युमिनियम, त्यात मुंबईची दमट खारी हवा. तीन महिने टिकली हेच पुष्कळ.

बारीक खुंटावर घालायच्या शिशाच्या टोप्या मिळतात, बॅटरीवाल्याकडे मागा, किरकोळ पैसे पडतील. दोन्हीकडे घाला. त्याआधी कडे आतून पॉलिश पेपरने चकचकीत करा. पांढरी-हिरवी भुकटी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने धुवा, पूर्ण कोरडं होऊ द्या. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन. आधी लावून मग आवळू नका.

---

माहेर_देवगड | बुधवार, सकाळी ९.२०

काका, ते दुकानदाराला परत नेऊन दाखवायला नको का?

---

चौथी_सीट | बुधवार, रात्री ९.१५

ताई, नेली. म्हणाला, ‘सगळेच असं लावतात साहेब.’ टोप्या मात्र फुकट दिल्या. बसवल्या. एका झटक्यात चालू! घरात गोडाचा शिरा झाला.

---

साबुदाणा_वडा | बुधवार, रात्री ९.२०

शिऱ्याचाही फोटो चढत नाहीये का?

---

चौथी_सीट | शनिवार, सकाळी ११.३०

शिरा महागात पडला. रात्रभर पाऊस होता. आज सकाळी सेल्फ घर्र... घर्र... घर्र... असा थकून फिरला, तिसऱ्या प्रयत्नाला चालू झाली. यावेळी दिवे गेले नाहीत, थोडे मंद झाले. घड्याळही शाबूत. टोप्या घट्ट आहेत, कडा हलत नाही. बॅटरीच आता गेली का?

---

पाना_पकड | शनिवार, दुपारी १२.१५

घाबरू नका. लक्षण बदललं म्हणजे जागा बदलली. पहिला दोष मोठा होता, त्याच्या मागे हा लपला होता. सेल्फ मारत असताना मोजायचंय, तेव्हा दोन माणसं लागतील. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, नुसतं फिरेल. एका वेळी पाच सेकंदांच्या आत, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, मीटरच्या तारा इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून (बेल्टपासून) लांब.

खुंट ते खुंट. दोन्ही टोप्यांवरचा फरक. पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा जाड बोल्ट. निगेटिव्ह खुंट ते इंजिनचं उघडं धातू. निगेटिव्ह खुंट ते बॉडी.

---

चौथी_सीट | शनिवार, दुपारी ४.५०

शेजारच्या बारावीतल्या मुलाला आत बसवलं. त्याचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल झालं म्हणायचं.

खुंट ते खुंट १०.९
टोप्यांवर ०.०२ आणि ०.०४
पॉझिटिव्ह ते सेल्फ ०.२५
निगेटिव्ह ते बॉडी ०.०६
निगेटिव्ह ते इंजिन १.८५

---

ओहमचा_नियम | शनिवार, दुपारी ५.०५

बॅटरी निर्दोष सुटली. सेल्फ फिरवताना १०.९ म्हणजे तब्येत छान. साडेनऊच्या खाली गेली असती तर संशय घेतला असता. पण त्या १०.९मधून पावणेदोनच्या वर इंजिनच्या अर्थमध्येच जातायत, सेल्फला मिळतायत जेमतेम पावणेनऊ. थकणारच तो.

अल्टरनेटरची (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) अर्थही इंजिनमधूनच येते. त्यामुळे चार्जिंगही कमी होत असणार. इंजिन चालू असताना खुंटांवर किती येतात?

---

चौथी_सीट | शनिवार, दुपारी ५.३०

१३.६. दिवे-एसी लावून १३.३.

---

पाना_पकड | शनिवार, दुपारी ५.४५

निगेटिव्हची एक शाखा बॉडीला जाते, ती ठीक आहे. दुसरी गिअरबॉक्सवर बोल्टने बसलेली असते, ती आजारी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून तोडलेलंच. ही केबल गेली की सेल्फचा करंट परत यायला मिळेल ती बारीक वायर शोधतो. जुन्या गाड्यांत क्लचची केबल तापून तिच्यातून धूर यायचा.

खर्च न करता खात्री करायची तर जंपर केबलचं एक टोक निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. झपकन फिरला तर निदान पक्कं.

---

चौथी_सीट | रविवार, दुपारी १.००

झपकन फिरला!! मग आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. एअर फिल्टरचा डबा काढल्यावर गिअरबॉक्सवरचा तो बोल्ट दिसला. वरून केबल ठीक, पण थिंबलजवळचं (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळचं) काळं आवरण कापलं तर आत तांबं नव्हतंच, हिरवी माती होती. अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या. मागच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये दोन दिवस टायरच्या वरपर्यंत पाणी होतं, तेव्हाच घुसलं असावं. त्याने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवी जाड केबल आणली, दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवलेली. बोल्टखालची जागा घासून धातू उघडा केला.

आता सेल्फ मारताना निगेटिव्ह ते इंजिन ०.१२. इंजिन चालू असताना १४.२.

---

माहेर_देवगड | रविवार, दुपारी १.२०

वा! आता गावी गाडी चार-पाच दिवस उभी राहील तर डॅशकॅमचं बघा हं. आमचा बंद गाडीतही चालू राहायचा. मोजला तर ०.३ अँपिअर. पाच दिवसांचे ३६ अँपिअर-अवर, म्हणजे छोट्या गाडीची बॅटरी सपाट. ओहमच्या नियमवाल्यांनीच तेव्हा शिकवलं होतं, मीटर निगेटिव्ह केबलमध्ये मालिकेत (म्हणजे केबल सोडून ती आणि खुंट यांच्या मध्ये) लावायचा, काडी १० अँपिअरच्या भोकात, गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबायचं म्हणजे सगळे कॉम्प्युटर झोपतात. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर चालतं. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही. मी मारला होता. मीटर नवीन आणावा लागला, लॅमिंग्टन रोडवरून.

---

नवी_चालक | रविवार, दुपारी २.४५

मीपण मीटर घेणार आहे. महागाचा लागतो का?

---

ओहमचा_नियम | रविवार, दुपारी ३.३०

या कामाला साधा डिजिटल पुरतो. फक्त काड्यांच्या तारा मऊ आणि लांब बघून घ्या, आणि एक जोडी मगरचिमट्यांची. एकट्याने सेल्फ मारून मोजायची वेळ येते तेव्हा तेच कामाला येतात.

---

चौथी_सीट | रविवार, रात्री ९.१०

गुरुवारी पहाटे चारला निघतोय. एकच राहिलं. बॅटरी काढल्यापासून ड्रायव्हरच्या बाजूची काच एका दाबात वर जात नाही, धरून ठेवावी लागते. अजून कुठली वायर?

---

पाना_पकड | रविवार, रात्री ९.२५

वायर नाही. वीज गेल्यावर काच आपली वरची हद्द विसरते. चावी चालू ठेवून काच पूर्ण खाली घ्या, मग बटण ओढून पूर्ण वर न्या आणि वर टेकल्यावरही तीन-चार सेकंद ओढूनच धरा.

---

चौथी_सीट | रविवार, रात्री ९.४०

गेली वर.